नामाकाकांचा मुका पंखा

आमच्या खालच्या घरातले नामाकाका कुठलीही वस्तू आधी कानाला लावून बघत. नारळाचं समजू शकतो. पण मी नवा मिक्सर आणला तेव्हा "चालू कर" म्हणाले आणि शेजारी कान देऊन बसले. मग निकाल लागला, "लय बडबड्या हाय. परत दे."

काका मूळचे शिरवणे गावचे. तीस वर्षं कारखान्यात प्रेस मशीनवर काढली, त्यात कान मंदावले. पण हे त्यांना सांगायची सोय नव्हती. "मना सगलं ऐकू येतं. लोकंच हलू बोलतात."

गोष्ट पेजरच्या दिवसांतली. आमच्या ऑफिसने एक जुना कॉम्प्युटर भंगारात काढला, त्यातला तळहाताएवढा पंखा मी काकांना आणून दिला. त्याच्या लाल आणि काळ्या वायरी काकांनी ट्रान्झिस्टर सेलऐवजी विजेवर चालवायच्या एलिमिनेटरला जोडल्या. पंखा ढिम्म हलेना.

"मेलेला माल दिलास!"

मी वायरींची अदलाबदल केली. पंखा गरगरला. "तुला समजतं का बघत होतो," काका म्हणाले.

एलिमिनेटरवर तीनपासून बारा व्होल्टपर्यंत फिरवायचं बटण होतं. बारावर झकास वारा येई, पण काकांनी कान लावला आणि तोंड वाकडं केलं. सहावर लावला तर पंखा सुरूच होईना. दोन दिवस डोकं खाजवल्यावर युक्ती त्यांनाच सापडली. बारावर सुरू करायचा आणि जोर धरला की सहावर आणायचा. "उठवायचा दमात, चालवायचा लाडात!" तिथूनही ते साडेचारवर उतरले. आता उदबत्तीचा धूर जेमतेम हलत होता.

मी वैतागलोच. "काका, पंखा वाऱ्यासाठी असतो हो! छताला एवढा मोठा आहे की."

"तो खडखडतो."

"तेल घाला."

"घातलं. परवा तुजी काकी आतून पानी मागत होती. कधीपासून, देव जाने. मी हितंच बसलेलो."

काकी पूर्वी मासळीची पाटी घेऊन सेक्टरभर फिरायच्या, त्यांची हाक चौथ्या मजल्यावर यायची. त्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज पार बसला. हे मला ठाऊक होतं, तरी मिक्सरपासून चाललेला काकांचा उद्योग कशासाठी, ते डोक्यात आलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

काकांनी छोटा पंखा काकींच्या उशाशी ठेवला, छताचा बंद केला आणि बाहेर येऊन दाराकडे पाठ करून बसले. मलाही बोटानेच गप्प बसवलं.

बऱ्याच वेळाने आतून कुजबुज आली, "अवो, वारा लागत नाय."

तीन दिवसांची मेहनत पाण्यात! आता काका भडकणार, असं मला वाटलं.

"ऐकलंस?" काका ताडकन उठले. चेहरा नुसता फुलला होता. "तक्रार करते! हितवर ऐकू आली!"

आणि कोपऱ्यातला पुठ्ठा उचलून ते वारा घालायला आत गेले.