ठकूबाईच्या चंद्रीला मिठी

गोष्ट कितीही अवघड असू द्या, मी ती अशी सोपी करून सांगते की ऐकणाऱ्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडतो! म्हणून माझी नणंद संस्कृती, जी पुण्यात दुधाच्या पेशींवर संशोधन करते, आमच्या महाळुंग्याच्या बायकांशी बोलायला आली, तेव्हा मी आपणहून मदतीला उभी राहिले.

संस्कृती म्हणाली, "म्हशीच्या कासेतल्या पेशींवर चिकटून राहणारे रेणू असतात. त्यांच्या जोरावर पेशी आपल्या खालचा पडदा धरून ठेवते. त्या पकडीतूनच तिला दूध बनवायचा संदेश मिळतो. पकड सुटली की दूध थांबतं."

बायका जांभया द्यायला लागल्या. मी उठलेच!

"अगं, घट्ट धरलं तर दूध! सोडलं की आटलं!"

"आत्ता कळलं!" शेजारची ठकूबाई ओरडली. टाळ्या पडल्या. मी पुरीसारखी टम्म फुगले!

सकाळी तिच्या गोठ्यात डोकावते तर काय! ठकूबाई धार काढतेय आणि तिचा नवरा भिका चंद्री म्हशीच्या गळ्यात पडलाय, जत्रेत हरवलेली बहीण सापडल्यासारखा!

"अहो, हे काय?"

"तुमीच सांगितलं न्हवं? घट्ट धरलंय!"

"पेशींनी धरायचं हो! आतल्या आत!"

"आतलं त्या धरत्याल, भाईरून आमी धरतो. बगा, बादली भरली!"

चंद्रीला त्या मिठीची अशी चटक लागली की भिका नसला की ती पान्हा चोरायची, लाथा झाडायची. आणि नेमकं भिकाला भाच्याच्या लग्नाला मढ गावाला जावं लागलं! बादली कोरडी, कास दगडासारखी, चंद्री हंबरून हंबरून बेजार. ठकूबाई रडवेली होऊन माझ्या दारात!

"आरतीबाई, तुमच्या नादानं झालं. आता तुमीच धरा!"

मला खरंच वाईट वाटलं. गेले, मिठी मारली. चंद्रीनं हुंगलं आणि शेपटीचा फटका थेट तोंडावर! मग ठकूबाईनं भिकाचा मळका शर्ट माझ्या साडीवरून चढवला. चंद्रीनं पुन्हा हुंगलं, डोळे मिटले, हनुवटी माझ्या खांद्यावर टाकली आणि दुधाच्या धारा सुरू! ठकूबाईच्या डोळ्यांतूनही तशाच!

भिका परतला, तर चंद्री त्याच्याकडे ढुंकून बघेना! संस्कृतीला फोन केला. पोटभर हसून म्हणाली, "वहिनी, ही सवय आहे. हळूहळू मोडेल."

तोवर सकाळ-संध्याकाळ मीच. आज तर भिका बाजेवर बसून चहा पीत होता. मला म्हणतो कसा,

"वहिनी, जरा प्रेमानं धरा की!"