शर्फियातल्या तिघी

"मांडीवर टोपली, टोपलीवर हिचं कोपर, आणि याला म्हणायचं सहल!" मागच्या सीटवरून शादलिया पुटपुटली. तिचं पुटपुटणं म्हणजे बोटीवर शेजारी लागलेल्या टेम्पोतल्या माणसानेही काच वर करून घ्यावी, इतकं हळू.

"कोपर माझंच आहे. काढून कुठे ठेवू?" हयात म्हणाली.

"तुला नाही गं म्हणत. पुढे बघ, पुढे! शेगडी कशी ऐसपैस बसलीय. आपण मेलं एकमेकींच्या बरगड्या मोजतोय."

पुढच्या सीटवर खरोखरच गॅसची शेगडी, चटई आणि छत्री बसली होती आणि त्यांच्या शेजारी, चाक हातात धरून, दलंदा. गाडी बोटीवर उभी होती, बोट स्फाक्सच्या बंदरातून कर्कना बेटाकडे निघाली होती, तरी दलंदाने चाक सोडलं नव्हतं. आपण सोडलं तर कप्तानाला एकट्याला झेपेल की नाही, अशी तिला शंका असावी.

तिघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. पन्नाशी ओलांडली, नवरे पिकले, पोरं फ्रान्सला गेली, तरी दलंदाने म्हणायचं आणि दोघींनी कुरकुरत करायचं, ही पद्धत काही बदलली नव्हती. गेले दोन महिने दर शनिवार-रविवारी ती दोघींना गाडीत कोंबून कुठे ना कुठे नेत होती. महदियाला नेलं, गाबेसला नेलं. एकदा तर एका गावात काहीच बघण्यासारखं नव्हतं, तेही बघून आल्या.

दोन महिन्यांपूर्वी हयातच्या छातीत गाठ निघाली होती. ऑपरेशनची पहिली तारीख तिने ताप आलाय म्हणून चुकवली. तिला ताप नव्हता हे दोघींना ठाऊक होतं, आणि दोघींना ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं. डॉक्टरांनी आता सोमवारची तारीख दिली होती आणि ही चुकवू नका, असं जरा आवाज चढवूनच सांगितलं होतं. म्हणून दलंदाने ठरवलं होतं की सोमवार उजाडेपर्यंत हयातला नजरेआड होऊ द्यायचं नाही. त्याबद्दल बोलायचं मात्र कोणीच नाही. तिघींच्या आठवड्यातून सोमवार गळूनच पडला होता. रविवारनंतर एकदम मंगळवार यायचा, आणि मंगळवारचं नाव निघालं की सगळ्या खिडकीबाहेर बघायच्या.

शनिवारी सकाळी बेटावर उतरल्यावर अताया गावच्या धक्क्यावर दलंदाने मुन्सिफ नावाचा होडीवाला गाठला. समोरच्या निर्मनुष्य ग्रेम्दी बेटावर जेवायला जायचं होतं.

"असरच्या नमाजानंतर, दुपार कलली की न्यायला येतो," मुन्सिफ त्यांना उतरवताना म्हणाला.

"नाही आलास तरी अडत नाही," दलंदा म्हणाली. "ओहोटीला चालत येऊ. माझे आजोबा यायचे. खांद्यावर मेंढी घेऊन!"

मुन्सिफने तिघींकडे बघितलं. मग शादलियाकडे जरा जास्त वेळ बघितलं. "बरं," म्हणाला आणि गेला.

जेवण झालं. उकडलेली अंडी, हरीसाची तिखट चटणी, पाव, ऑलिव्ह आणि शादलियाने रात्री जागून केलेले खजुराचे मकरूद. दलंदाने इतके फोटो काढले की तिच्या फोनने मान टाकली. शादलियाचा फोन शिंपले धुताना पाण्यात गेला. हयातने आपला फोन गाडीतच ठेवला होता. हॉस्पिटलमधून आठवणीचा फोन यायचा होता, म्हणून.

मग धुकं आलं. आधी समोरचा किनारा गेला, मग खडक गेले, मग शादलियाची छत्री दिसेनाशी झाली आणि नुसती शादलिया ऐकू येऊ लागली. असर उलटून गेली. मुन्सिफ काही आला नाही.

"धुक्यात कोण होडी काढेल? आणि कोणीतरी त्याला सांगितलंय ना, मेंढीचं!" शादलिया म्हणाली.

"मग चालू या. ओहोटी आहे. कर्कनाचा समुद्र म्हणजे पसरट ताटली," दलंदा म्हणाली. तिचा आवाज खणखणीत होता. हात मात्र तिने हयातचा धरला होता, आणि तो सोडला नाही.

झगे वर खोचून, चपला हातात घेऊन, टोपली डोक्यावर ठेवून तिघी समुद्रात शिरल्या. पाणी पोटऱ्यांएवढं. थोडं चालल्यावर मागे वळून बघितलं, तर बेट नव्हतं. पुढेही काही नव्हतं. पांढऱ्या रजईत कोणी गुंडाळून ठेवावं तसं सगळं. शादलियाने कलमा म्हणायला सुरुवात केली.

"अजून मेली नाहीस तू," दलंदा म्हणाली.

"मग वेळ मिळेल न मिळेल."

तेवढ्यात हयातच्या हाताला काहीतरी टोचलं. ती किंचाळली, म्हणून शादलिया किंचाळली. खजुराच्या झावळ्या होत्या. समुद्रतळात ओळीने रोवलेल्या, एकमेकींना बांधलेल्या, धुक्यात लांबवर गेलेल्या.

"शर्फिया!" दलंदाला रडूच यायचं बाकी होतं. "सुटलो! अगं, कोळ्यांचं कुंपण हे, शर्फियाचं एक टोक नेहमी जमिनीकडे असतं. कुंपणाला हात लावून चालत राहायचं, बस्स."

"आणि दुसरं टोक?" हयातने विचारलं.

"दुसऱ्याशी आपल्याला काय करायचंय?"

तर्क बिनतोड होता. तिघी कुंपण धरून निघाल्या. कुंपण खरंच मोठं आधाराचं वाटत होतं. पाणी गुडघ्यापर्यंत आलं.

"मघाशी कमी होतं," शादलिया म्हणाली.

"किनाऱ्याआधी खळगा असतो."

पाणी मांडीपर्यंत आलं.

"मोठा आहे खळगा."

"आजोबा कधी बोलले नाहीत याबद्दल," दलंदा म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज जरा ओला झाला.

मग डावीकडेही झावळ्या लागल्या. वाट अरुंद झाली. झावळ्यांची टोकं आत वळलेली होती, तिघींनी अंग चोरून त्यांतून वाट काढली आणि एका गोल जागेत आल्या. चहूबाजूंनी कुंपण. पायांवर काहीतरी थडाथड आपटू लागलं. शादलियाच्या झग्यात एक जिवंत मासा शिरला आणि तिने त्या वयात मारू नये अशी उडी मारली.

दलंदाची पाचावर धारण बसली. शर्फिया कशी असते, हे तिला लहानपणापासून पाठ होतं. पाणी उतरू लागलं की मासा खोल पाण्याकडे निघतो, वाटेत कुंपण लागतं, तो कुंपण धरून चालत राहतो, आणि कुंपण त्याला नेमकं कोठीत आणून सोडतं. कोठीत शिरायला वाट असते, बाहेर पडायची मात्र सापडत नाही. मासा बिचारा मासा असतो, म्हणून फसतो. तो काही दलंदासारखा शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला नसतो.

"मोडू या हे," शादलियाने झावळीला हात घातला.

"खबरदार! दुसऱ्याची शर्फिया मोडली तर माझ्या आजोबांच्या नावावर थुंकतील लोक इथे."

"बुडालीस तर काय करतील?"

"तर म्हणतील, बुडाली पण मोडली नाही."

बाहेरची वाट शोधत त्या गोल गोल फिरल्या. प्रत्येक झावळी दुसऱ्या झावळीसारखी. भरती सुरू झाली होती. पाणी कमरेशी आलं.

"उद्याची परतीची बोट चुकली तर?" हयातने हळूच विचारलं.

"संध्याकाळची असते."

"वारा सुटला तर बोटी बंद ठेवतात ना? दोन-दोन दिवस?"

त्या आवाजात भीती होती की आशा, ते दोघींना कळलं. दोघींनीही न कळल्यासारखं केलं. शादलिया म्हणाली, मासे फार गुळगुळीत आहेत. दलंदा म्हणाली, हो, बोयरी आहेत.

एवढ्यात धुक्यातून काठीने होडी रेटल्याचा आवाज आला. कोणीतरी म्हातारा गुणगुणत येत होता. शर्फियाचा मालक हमादीकाका मासे काढायला आला होता. तिघी एकदम ओरडल्या. गुणगुणणं तिथल्या तिथे थांबलं.

होडीतून हमादीकाकाला काय दिसलं असेल? भर समुद्रात, आपल्याच शर्फियात, पाण्यावर तीन बायका, कमरेखाली नाहीतच, डोक्याला पांढरे रुमाल, आणि एकीच्या डोक्यावर टोपली. त्याने जिनांपासून वाचव म्हणून मोठ्याने अल्लाकडे आसरा मागितला.

"काका, आम्ही माणसं आहोत!" दलंदा ओरडली.

"तेही असंच सांगतात!"

"ते कोण?"

"त्यांचं नाव घेत नसतात!"

"बिस्मिल्ला! बिस्मिल्ला!" शादलिया किंचाळली. "बघा, म्हणून दाखवलं!"

"त्यांच्यात निम्मे मुसलमान असतात," काका म्हणाला. काठी उलटी रेटल्याचं ऐकू आलं.

"मी अतायाच्या हमूदा बिन तय्यबची नात आहे!"

"हमूदा मेला. मेलेल्यांची खबर तुम्हालाच आधी लागते."

शादलियाला वाटलं, माणूस गोडाने वश होतो. तिने टोपलीत हात घातला आणि भिजलेला, काळपट मकरूद धुक्यातून पुढे धरला. "काका, खाता का? घरचे आहेत."

होडी आणखी मागे गेली. "पाण्यातल्या बायकांच्या हातचं खाऊ नकोस, असं आई मरताना सांगून गेलीय मला! पाय दाखवा! खूर आहेत की पाय, दाखवा आधी!"

हे रास्त होतं. शादलियाने पाय वर काढायचा प्रयत्न केला, तोल गेला, आणि ती टोपलीसकट आडवी झाली. मासे खवळले, पाणी उसळलं, दलंदाने तिला केसांनी धरून वर ओढलं आणि आजोबांना लाज वाटेल अशी शिवी हासडली.

"उद्या येतो मी!" काका ओरडला. "उन्हात येतो, इमामांना घेऊन! तुम्ही असाल तर असा, नसाल तर नसा!"

"काका, पाणी चढतंय! अहो काका!"

काठीचा आवाज लांब जाऊ लागला. जन्मभर सगळ्यांना वाट सांगणारी दलंदा झावळीला धरून नुसती उभी राहिली. शादलिया हुंदके देत होती. पाणी बरगड्यांना लागलं होतं, आणि हयातने डावा हात छातीशी घट्ट धरला होता.

"काका," हयात म्हणाली. ती ओरडली नव्हती, तरी काठी थांबली. "त्यांना कधी भीती वाटते का हो? त्या पाण्यातल्यांना?"

काका म्हणाला, "नाही. त्यांना कशाची वाटणार?"

"मला वाटतेय. तुमच्या पाण्याची नाही, सोमवारची. माझ्या छातीत गाठ आहे. सोमवारी डॉक्टर छाती कापणार आहेत, आणि गेल्या वेळी मी खोटा ताप काढून पळाले. आज सकाळपासून मनात म्हणतेय, बोट बुडो, वारा सुटो, काहीही होवो, पण जायला नको." तिने नाक पुसलं. "दलंदा, शादलिया, तुम्हाला माहीत होतं ना? तुम्हीही घाबरलायत. माझ्याइतक्याच. मेल्यांनो, दोन महिने गावंच्या गावं दाखवलीत, पण एकदा तरी म्हणायचं होतंत. आता मी म्हणते. मी मरेन की काय, अशी मला भीती वाटते. काका, होडी इकडे आणा. सोमवारी मला जायचंय."