थेल्माच्या डॅमसनवर कुणाचा अंगठा?

सोमवारी सकाळी रोजच्यासारखी फळं मोजताना थेल्मा एअरीला आपल्या झाडावरची चार फळं चकचकीत दिसली आणि ती नवऱ्याला हाका मारत घरात धावली.

कुणाला वाटेल, चकचकीत म्हणजे चांगलंच की. पण लिथ खोऱ्यात असं बोललात तर तुम्हाला कुणी चहासुद्धा विचारणार नाही. डॅमसन म्हणजे जांभळाएवढं, दात आंबवणारं आलुबुखार. त्यावर जन्मापासून धुक्यासारखी पांढुरकी भुकटी असते. बोट लागलं की ती जाते, ती कायमचीच. आणि गावच्या प्रदर्शनात ताटात वीस फळं मांडायची ती देठासकट, भुकटीसकट. एकावर जरी अंगठा उमटलेला दिसला, तरी परीक्षकबाई नाक मुरडून पुढच्या ताटाकडे जातात.

थेल्माचं झाड जुन्या, चिवट वाणाचं. बर्फ पडो, वारा सुटो, ते आपलं उंच दगडी भिंतीला खेटून उभं. यंदा तर नुसतं लगडलं होतं. प्रदर्शनातला चांदीचा कप गेली अकरा वर्षं भिंतीपलीकडच्या नॉर्मन क्रॉस्थवेटकडे मुक्कामाला होता आणि यंदा तो आणायचाच, असं तिने ठरवून टाकलं होतं. मग तिच्या फळांना हात लावणारा दुसरा कोण असणार?

"पाखरं असतील," तिचा नवरा क्लिफर्ड पेपरमागून म्हणाला.

"पाखरांना अंगठे असतात?"

क्लिफर्डने पेपर आणखी वर धरला.

मंगळवारी तिने एकेक फळ फिरवून, उजेडाकडे वळवून तपासलं. नऊ चकचकीत. बुधवारी भिंग घेऊन पुन्हा सगळी तपासली. सतरा! माणसाची हिंमत वाढत चालली होती तर. गुरुवारी तिने नॉर्मनला चहाला बोलावलं, ते फक्त त्याची बोटं बघायला. आल्याचा केक कापून दिला आणि तीस वर्षं ज्याला "अरे नॉर्मन" म्हणत आली, त्याला गोड आवाजात म्हणाली, "तुम्ही आणखी घ्या ना, मिस्टर क्रॉस्थवेट." नॉर्मनने अर्धा केक तसाच ठेवला. जाताना त्याने दारात क्लिफर्डला हळूच विचारलं, थेल्माची तब्येत बरी आहे ना. थेल्माने खिडकीतून दोघांना कुजबुजताना पाहिलं. म्हणजे नवराही सामील!

शुक्रवारी चकचकीत फळं साठावर गेली. उद्या प्रदर्शन. आता मात्र ती तडक नॉर्मनच्या फाटकातून आत घुसली.

"मिस्टर क्रॉस्थवेट, अंगठा दाखवा."

"अगं, कसला अंगठा?" तिचं सगळं ऐकून घेतल्यावर नॉर्मनने वर बोट केलं. "थेल्मा, मला हात लावायचाच असता, तर ही फांदी काय वाईट होती?"

तिने वर पाहिलं. तिच्याच झाडाची फांदी भिंतीवरून इकडे झुकली होती, नॉर्मनच्या हाताशी. आणि तिच्यावरचं एकूण एक फळ धुकट, कोरं. भिंतीपलीकडून तिचा हात जिथे पोचत नव्हता, नेमकी तिथलीच फळं शाबूत होती. थेल्माने आपला अंगठा हळूच एप्रनच्या खिशात घातला.

पण संशय एकदा अंगात भिनला की माणसाला नीट बघायची सवय लागते. त्या फांदीवर जाळी होती. खाली टेकू दिलेला होता. भिंतीच्या या बाजूला वारा फार, इथे फळ धरत नाही, असं नॉर्मन तिला वर्षानुवर्षं सांगत आला होता. आणि तो ज्याच्या जिवावर कप जिंकायचा, त्या त्याच्या झाडाला जेमतेम तीन फळं होती.

"नॉर्मन," ती म्हणाली, "माझ्या फांदीला जाळी कुणी घातली रे?"

नॉर्मनने बुटांकडे बघितलं. "पाखरं फार त्रास देतात ना."

"अकरा वर्षं?"

भिंतीवरून कितीही झुकलं तरी फळ झाडाच्या मालकाचं, हे त्या गावात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. नॉर्मनचे कान डॅमसनच्या मुरंब्यासारखे लालभडक झाले.

"तुझ्या अंगठ्याचं मी कुठे बोलणार नाही," तो पुटपुटला.

थेल्माने फांदीवरची फळं नजरेनेच मोजली.

"कात्री आण. देठ लांब ठेव. आणि तो कप पुसून ठेव, उद्या भिंतीपलीकडे जायचाय."

वीसही फळं नॉर्मननेच कापली. थेल्मा शेजारी उभी होती, दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून.