बिनमिशीची दिल्ली

किसनतात्यांनी मिशी काढली त्या दिवशी मी शाळेला सुट्टी दिली.

पोस्टमास्तरच्या मिशीचा आणि शाळेच्या सुट्टीचा काय संबंध, असं शहरातला वाचक विचारील. पण आमच्या कर्जत तालुक्यात बाप जिवंत असताना मिशीला वस्तरा लावायची कुणाची छाती नव्हती. मिशी गेली म्हणजे बाप गेला, यात शंका काढायला जागाच नाही. मी नगरहून नुकताच मास्तर म्हणून त्या गावात हजर झालो होतो. सकाळी तात्या न्हाव्याकडून गुळगुळीत तोंडानं परतताना दिसले. मी पोरांना दोन मिनिटं उभं केलं, ज्यांना एकदाही भेटलो नव्हतो त्या रामजीबाबांविषयी चार चांगले शब्द बोललो आणि शाळा सोडून दिली.

तात्यांच्या दारी पोचलो तर बायांनी आधीच गळा काढलेला. ओट्यावर एक म्हातारा बशीतून चहा पीत ज्याला त्याला विचारत होता, "आरं पर, गेलंय कोन?" सांगायला कुणी धजेना. शेवटी मीच हात जोडून पुढे झालो आणि म्हणालो, "तात्यांचे वडील वारले."

म्हाताऱ्यानं बशी खाली ठेवली. "आसं?" म्हणाला, "कवा?"

रामजीबाबांनी त्या दिवसापासून लेकाशी बोलणं टाकलं. काही सांगायचंच असलं तर गोठ्यातल्या बैलाला सांगत. "सांग तुज्या मालकाला, वैरण सपलीया." बैल मुकाट्यानं ऐकून घेई. माझ्यावर मात्र त्यांचा राग नव्हता. पोरांसमोर मी त्यांच्याविषयी काय काय बोललो ते त्यांनी माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलं आणि तिन्ही वेळा मान डोलावली.

मिशी का काढली, याचं तात्यांनी अख्ख्या गावाला एकच उत्तर दिलं. "बातमी देनाराचं त्वांड कसं लख्ख पायजे."

कारण त्याच आठवड्यात त्यांनी बातम्या द्यायला सुरुवात केली होती. पोस्ट त्यांच्या घराच्याच पुढच्या खोलीत होतं. चारच्या गाडीनं टपालाची पिशवी येई, तिच्यासोबत वर्तमानपत्र येई आणि संध्याकाळी सातच्या ठोक्याला तात्या पोस्टाच्या खिडकीत उभे राहत. धुतलेला सदरा, पांढरी टोपी, त्याच दिवशी केलेली दाढी. गल्लीत गाव जमलेलं असे. तात्या घसा खाकरत आणि म्हणत, "नमस्कार मंडळी. दिल्लीहून निघालेली आन् कर्जतच्या गाडीनं आलेली बातमी ऐका."

म्हणून गावानं त्यांचं नावच दिल्ली ठेवलं. "दिल्ली आंघोळीला गेलीया." "आज दिल्लीचं प्वाट बिगाडलंय, बातम्या न्हाईत." परगावचा माणूस हे ऐकून हबकून जाई.

बातम्या फक्त राजकारणाच्या. मंत्री, आमदार, कोण कुणाला जाऊन मिळाला, कुणी पाठीत सुरा खुपसला, एवढंच. पाऊसपाणी, बाजारभाव, कुस्त्या यांना दिल्लीच्या राज्यात थारा नव्हता. एकदा कुणीतरी धीर करून कांद्याचा भाव विचारला. तात्या म्हणाले, "कांदा पडल्यानं सरकार पडनार आसंल तर सांगतो." आणि प्रत्येक बातमीच्या शेवटी ठरलेलं पालुपद. "छापलंय तसं सांगतो. ह्यात माजं काई न्हाई."

दुष्काळाचे दिवस होते. अर्धं गाव दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून संध्याकाळी परत येई, मिलोची, म्हणजे रेशनवर मिळणाऱ्या अमेरिकेच्या तांबड्या ज्वारीची, भाकरी खाई आणि करमणूक म्हणून सरकार पडायची वाट पाहत बसे. त्यामुळे तात्यांच्या खिडकीपुढे नेहमी गर्दी. पण शिस्त अशी की वर्गात मलाही कधी जमली नाही. माणसांनी गल्लीच्या दोन्ही कडांना बसायचं, मधली वाट मोकळी सोडायची. "गाडी-बैल जात्याती," तात्या म्हणत. दोन वर्षांत त्या वेळेला तिथून गेलेली गाडी मी पाहिली नाही. पण कुणाचं डोकं जरी मध्ये आलं तरी दिल्ली बंद. "बाजूला सर की रं, जोंधळ्याचं कणीस!"

गॅसबत्तीचंही तसंच. वाचायचं म्हणजे उजेड कागदावर पाहिजे. हा मनुष्य बत्ती स्वतःच्या तोंडापाशी टांगून घेई. कागद अंधारात आणि तोंड लखलखीत. एकदा अर्थमंत्र्यांचं भाषण सांगताना एक भलंमोठं पाखरू सरळ तोंडात गेलं. तात्यांनी ते गिळलं, वाक्य पुरं केलं आणि म्हणाले, "छापलंय तसं सांगितलं. पाखरू माजं."

पुढे ते मुलाखतीही घ्यायला लागले. पोस्टकार्ड घ्यायला आलेल्या माणसाला आधी सरकारविषयी मत द्यावं लागे. मी स्वतः एका आंतरदेशीय पत्रासाठी राष्ट्रपतीच्या अधिकारांवर वीस मिनिटं बोललो आहे. निवडणुकीच्या आधी तर त्यांनी दोन्ही पार्ट्यांचे गडी खिडकीच्या दोन बाजूंना उभे केले, इकडे श्रीपती, तिकडे रंभाजी. नियम दोनच. तोंडात तंबाखू चालणार नाही, आणि एकमेकांकडे बघून भांडायचं नाही, समोर बघून भांडायचं. श्रीपती रागारागानं रंभाजीकडे वळला की तात्या त्याची हनुवटी धरून सरळ करीत. "त्वांड हिकडं! शिव्या दे, पर गल्लीकडं बघून दे." सरळ बघून शिव्या देताना दोघांनाही हसू फुटलं आणि ते भांडण तिथंच संपलं.

तात्यांच्या बायकोविषयी एव्हाना सांगायला हवं होतं, पण त्यांच्या गलबल्यात ती बाई मागेच राहते. गंगूकाकू. मी यायच्या आधीच्या पावसाळ्यात टायफॉइड झाला आणि त्यात त्यांचे दोन्ही कान गेले. बातम्या चालू असताना काकू गल्लीच्या पलीकडे, गोठ्याच्या ओट्यावर मांडीत सूप घेऊन मिलो निवडत बसलेल्या असायच्या. गावाला त्यांचा मोठा हेवा वाटे. "देवानं बरी सोय केली बाईची," लोक म्हणत, "दिल्लीच्या पदराला बांदली, पर कान काडून घेतलं." मीही या विनोदाला हसलो आहे. एकदा नव्हे, बऱ्याचदा.

मग एक दिवस मुंबईहून कुणाचा तरी जावई आला आणि त्यानं सांगितलं की तिकडे आता टेलिव्हिजन निघालंय. एक पेटी असते, तिच्यात बातम्या देणारा माणूस दिसतो. तात्यांनी त्याला पोस्टाच्या बाकावर बसवला आणि वकिलासारखी उलटतपासणी सुरू केली.

"दिसतो म्हंजी? त्वांड दिसतं?"

"हो, दिसतं की."

"व्हट हालल्यालं दिसत्यात?"

"दिसतात."

"वाचताना मान खाली का वर?"

"खालीच. कधी कधी वर बघतो."

"मंग काय उपेग!" तात्या उठले. "मुंबईला एवडी मानसं, पर एकाला बातमी देता यीना." दुसऱ्या दिवसापासून ते बातम्या पाठ करून यायला लागले. चार ते सात एवढ्या वेळात सगळा पेपर घोकायचे. माझी खोली शेजारीच होती. मधल्या भिंतीतून "विश्वासदर्शक ठराव, विश्वासदर्शक ठराव" असं दुपारभर चालायचं आणि माझी झोपमोड व्हायची.

हे सगळं असंच चाललं असतं, पण गावाला नवे सरपंच मिळाले. भाऊसाहेब तरुण होते, कॉलेजात एक वर्ष काढलेले होते. त्यांनी चावडीवर रेडिओ आणला आणि तिच्या छपरावर भोंगा बसवला. ग्रामसभेत जाहीर केलं, "आता खुद्द दिल्ली बोलंल. तात्या, तुमी लई शेवा केली. आता इसावा घ्या."

तात्या उभे राहिले. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "रेडिओला त्वांड कुटं हाय?"

सभा पोट धरून हसली. म्हातारेकोतारेही हसले. "तात्या, कानानं ऐकायचं आसतंय, त्वांड घेऊन काय मुका घ्यायचाय?" असं मागून कुणी ओरडलं. शेवटी तात्यांनी एक दिवस मागून घेतला. उद्या सातला रेडिओ आणि मी, दोघंही बातम्या देऊ. गाव ज्याच्याकडे थांबेल तो खरा.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी दोनदा दाढी केली. गाव गल्लीत जमलं. चावडी चाळीस पावलांवर, पण भोंगा सगळीकडे ऐकू जायचा. तात्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, "आपल्या राज्याच्या नव्या मंत्र्यांनी आज पदभार स्वीकारला, आन् जनतेची अखेरपर्यंत सेवा करन्याची शपथ घेतली."

भोंगा म्हणाला, त्याच मंत्र्यांनी आज राजीनामा दिला.

पेपर कालचा, रेडिओ आजचा. गाव असं हसलं की गोठ्यातले बैल उठून उभे राहिले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. तात्या तोंड उघडं ठेवून तसेच खिडकीत उभे. मग त्यांनी सवयीनं म्हटलं, "ह्यात माजं काई न्हाई," आणि लोकांना आणखी हसू आलं. लोक उठून चावडीकडे निघाले. तात्यांनी बत्ती खाली उतरवली. तेव्हा कुठे मला आपल्या हसण्याची लाज वाटली.

पुढच्या संध्याकाळी सगळं गाव चावडीपुढे. तात्या दिवसभर कुणाला दिसले नव्हते. माणूस खचलाय, जाऊन चार शब्द बोलावेत, म्हणून मी सातच्या सुमारास मागच्या दारानं त्यांच्या घरात शिरलो.

पुढच्या खोलीत बत्ती जळत होती. तात्या खिडकीत उभे होते. धुतलेला सदरा, पांढरी टोपी, ताज्या दाढीच्या साबणाचा वास. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. चावडीवरून भोंग्याचा आवाज येत होता आणि तात्यांचे ओठ त्या आवाजामागोमाग हलत होते. सावकाश, एकेक अक्षर घडवत. आवाज अजिबात नाही. रेडिओनं एक वाक्य टाकलं की हे ते झेलायचे, आणि मान वर, तोंड उजेडात.

पलीकडे गोठ्याच्या ओट्यावर गंगूकाकू बसल्या होत्या. मांडीत सूप होतं, पण हात थांबलेला. डोळे या तोंडावर. मध्येच त्यांनी, कान गेलेली माणसं बोलतात तशा, भल्या मोठ्या आवाजात विचारलं, "कोन पडलं म्हनला? पुन्यांदा सांगा की!"

तात्यांनी पुन्हा सांगितलं.

मी भिंतीला टेकलो. मोकळी वाट, बत्ती, तंबाखूची बंदी, श्रीपतीची धरलेली हनुवटी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. दोन वर्षं गावानं ज्याला वेड्यात काढलं होतं, तो माणूस दोन वर्षं एकाच बाईला बातम्या देत होता आणि आम्ही बाकीचे फुकटे होतो.

"तिचा बाप लई मोटा पुढारी व्हता," मान न वळवता तात्या हळूच म्हणाले. मी आल्याचं त्यांना कळलं होतं. "बारकी आसल्यापास्नं एक सभा सोडली न्हाई तिनं. कान गेल्याव म्हनाली, कोरड्या हिरीत पडल्यावानी झालंय, वर काय चाललंय कळंना. मंग मी व्हटांवरनं शिकवलं. पर मिशीत व्हट झाकायचं, तिला वाचता यीना."

"आणि तुम्हाला राजकारणाची एवढी आवड..."

"मला? मला राज्यपाल आन् सभापती ह्यातला फरक ठावं न्हाई, गुरुजी."

"अहो, मग हे बाबांना का नाही सांगितलं? दोन वर्षं म्हातारा बैलाशी बोलतोय!"

तात्या पहिल्यांदाच वळले. "बायकूसाटी मिशी काडली म्हनून सांगितलं आसतं तर म्हातारा त्याच दिशी खरंच गेला आसता. पुन्ना तुमाला शाळा सोडायला लागली आसती."

चावडीवर बातम्या संपल्या होत्या. रेडिओ आता पेरणीविषयी काहीतरी सांगत होता. पण तात्या खिडकीकडे वळले आणि त्यांचे ओठ पुन्हा हलू लागले, आणखी जोरात, हातवाऱ्यांसकट. पलीकडे काकूंना असं काही हसू आलं की सुपातला मिलो ओट्यावर सांडला.

"रेडिओ तर खतांचं सांगतोय," मी म्हणालो. "तुम्ही काय सांगताय?"

"तिला एक मंत्री आवडत न्हाई. त्याला पाडतोय."

"खरंच पडला?"

"आज तिसऱ्यांदा पडला. दिसभर खडी फोडून आलीया ती, हासू दे जरा." मग म्हणाले, "ही तेवडी माजी हाय. छापल्याली न्हाई."

पदरानं डोळे पुसत काकू ओरडल्या, "लई ब्येस झालं! आन् म्होरं? म्होरं काय झालं?"

म्होरं काय झालं ते मलाही पाहायचं होतं. मी मागच्या दारानं बाहेर पडलो, वळसा घालून गोठ्यापाशी आलो आणि काकूंनी सूप सरकवून जागा केली तिथं, त्यांच्या शेजारी बसलो.