तीन आंब्यांचा डाव

नदीकाठी पिंड मांडलेला आहे, सगळे नातेवाईक उन्हात उभे राहून कावळ्याची वाट बघताहेत, आणि विधी सांगणारे भटजी पिशवीतून तळहाताएवढा व्हिडिओ गेम काढून खेळत बसले आहेत. अशा भटजींना तुम्ही काय म्हणाल? आमच्या गावानं जे म्हटलं ते मी लिहीत नाही. छापणाऱ्याची पंचाईत होईल. पण त्यातला एकही शब्द विनायक महाराजांना लागू नव्हता. ते होते तोवर मला बोलायची मनाई होती. आता बोलतो.

आमचं गाव मेहकर तालुक्यातलं, पैनगंगेच्या काठचं. आमच्याकडे भटजींना महाराजच म्हणतात. विनायक महाराज आमच्या गल्लीत, माझ्या घरासमोर राहत. बुटके, अंगानं गोल, कानावर केसांचे झुपके, आणि आवाज असा की लाउडस्पीकर लावणाऱ्यानं घरी जावं. मंत्र म्हणताना उच्चार अगदी स्वच्छ. मंत्र संपला की अस्सल वऱ्हाडी. शांतिपाठातली शेवटची शांती तोंडातून बाहेर पडते न पडते तोच त्याच श्वासात, "पंखा लाव न बे, जीव चालला माहा!"

तो खेळ त्यांनी विकत घेतला नव्हता, मागितलाही नव्हता. तो दानात आला. पलीकडच्या गल्लीतल्या भिकाजी आजोबांचा नातू आखातात नोकरीला होता. त्यानं सुट्टीत ते यंत्र आणलं आणि जाताना आजोबांच्या उशाशी विसरला. म्हाताऱ्यानं शेवटचं वर्ष खाटेवर पडून तेच खेळत काढलं. आजोबा गेल्यावर घरच्यांनी रिवाजाप्रमाणे त्यांच्या आवडीच्या वस्तू महाराजांना दिल्या. गादी, छत्री, चपला, तांब्या आणि हे यंत्र. रीतसर संकल्प सोडून, हातावर पाणी घेऊन. तेव्हा मांडवात एकालाही काही वावगं दिसलं नाही. वावगं दिसलं ते महाराज खेळायला लागल्यावर.

"छत्री उघडतो तवा कोनी काही म्हणत नाही," महाराज म्हणत. "चपला घालतो तवा म्हणत नाही. मंग यानंच काऊन यायच्या पोटात दुखते? दानात आलं, वापरलं पाहिजे."

यंत्र साधं होतं. राखाडी काचेवर एक झाड, झाडावर माकड. माकड आंबे फेकतं, खाली टोपली घेतलेला माणूस ते झेलतो. माणसाला डावीकडे न्यायला एक बटण, उजवीकडे न्यायला दुसरं. तीन आंबे जमिनीवर पडले की डाव संपला. बाजूला आवाजाची बारीक खुंटी. ती वर केली की प्रत्येक आंब्याला 'टीं' असा आवाज होई, आणि तो आवाज, सांगून ठेवतो, ठार बहिऱ्यालाही डिवचेल असा होता.

महाराजांचा नियम एकच. एका बैठकीला एकच डाव. तिसरा आंबा पडला की ते यंत्र कपाळाला लावत, पिशवीच्या वेगळ्या कप्प्यात ठेवत आणि म्हणत, "डाव संपला, विषय संपला." मग कोणी कितीही आग्रह केला तरी नाही. सकाळी भाताला उकळी येईपर्यंत एक, दुपारी जेवण झाल्यावर एक. घरात आवाजाची खुंटी कायम खाली, कारण दुपारी माई, म्हणजे त्यांच्या पत्नी, जरा पडायच्या. माझी मुलं त्यांच्याकडे जात, त्यांनाही हाच नियम. मुलं माझं ऐकत नसत, पण महाराजांच्या ओसरीवर तिसरा आंबा पडला की मुकाट्यानं यंत्र परत करत.

एकदा मी समोर बसलेलो असताना त्यांचा डाव भलताच रंगला. टोपलीवाला इकडून तिकडे धावतोय, महाराजांची जीभ बाहेर आलेली, आणि नेमका कोणीतरी दारात आला, "महाराज, घरी लेकरू झालं, पंचांग पाहून सांगा." महाराजांनी तिथल्या तिथे यंत्र बंद केलं. मी हळहळलो. एवढा चढलेला डाव! तर म्हणाले, "भाऊ, मानूस दारात आला म्हटल्यावर माकडाले थांबाच लागते."

आता मला सांगा, या माणसाला गावानं 'खेळाडू महाराज' म्हणून चिडवावं? मी पंचायत समितीत हिशेब तपासायचं काम करतो. कोणावर ठपका ठेवायचा तर दोन्ही बाजू मांडून बघायची मला सवय आहे. आमच्या गल्लीतल्या मंदिराच्या मागच्या खोलीत रोज दिवेलागणीला रमीचा अड्डा बसतो. त्याला अड्डा म्हणायचं नाही, 'बैठक' म्हणायचं. बैठकीचे प्रमुख गुलाबराव, किराणा दुकानाचे मालक आणि मंदिर समितीचे अध्यक्ष. जेवण निवून जातं, घरून बोलावणं येतं, गुलाबराव पान टाकायचं थांबत नाहीत. बसस्टँडवरच्या हॉटेलात सकाळचा चहा दुपारपर्यंत पुरवणारी मंडळी निराळी. यातल्या कोणाचाही वेळ वाया जात नाही. वेळ वाया जातो तो महाराजांचा, तोही भात शिजेपर्यंतचा!

त्यात गुलाबरावांचा पुतण्या मॅट्रिकला नापास झाला. खापर कोणावर? महाराजांच्या यंत्रावर. त्या पोरानं यंत्राला कधी हात लावला नव्हता. तो मेहकरच्या टॉकीजमध्ये इतका नेमानं जायचा की तिथला गेटकीपर त्याला नावानं हाक मारायचा. पण गुलाबराव चौकात उभं राहून सांगत होते, "ब्राह्मणाच्या हातात माळ पाह्यजे का हे? लेकरं बिघडवून राह्यला हा मानूस."

मी म्हटलं, "गुलाबराव, पत्त्यांनी लेकरं बिघडत नाहीत का?"

"पत्ते जुने हायेत," ते म्हणाले.

असला युक्तिवाद! वाईट सवय जुनी झाली की परंपरा, आणि निरुपद्रवी गोष्ट नवी असली की व्यसन.

एवढं असूनही एका बाबतीत माझं महाराजांशी पटत नव्हतं. घरी खेळा, ओसरीवर खेळा, पण दहाव्याला नदीवर? पिंड मांडून झाल्यावर कावळा शिवेपर्यंत भटजींना काम नसतं, हे खरं. पण घरच्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो. कावळा शिवला नाही तर गेलेल्याची काही इच्छा राहिली असं समजतात. अशा वेळी टीं टीं? मी एकदा बोललो. ते म्हणाले, "कावळ्याले पंचांग समजत नाही, भाऊ. भूक लागली का येते, नाही लागली त नाही येत. तवरोक काय करू?" मला ते उत्तर उडवाउडवीचं वाटलं.

मग माझी आई गेली.

आई दोन वर्षं अंथरुणावर होती. तिचं सगळं शोभानं, माझ्या बायकोनं, केलं. न्हाऊ-माखू घालणं, भरवणं, कूस बदलणं. मी ऑफिसला जात होतो. रात्र आणि दिवस दोन्ही तिचे होते. दहाव्याला आम्ही नदीवर गेलो. पिंड मांडला. समोरच्या बाभळीवर कावळे होते, पण एकही खाली येईना. मी हात जोडून म्हटलं, आई, तुझ्या धाकट्या नातवाचं शिक्षण करीन. कावळे बसून. आई, शेत विकणार नाही. कावळे बसून. ऊन चढायला लागलं.

माझी मोठी आत्या पदर सावरत म्हणाली, "काही तरी राह्यलं हो वयनीचं. मागच्या महिन्यात मी आली होती तवा दूध मांगत होती. भेटलं का नाही, देवाले ठाऊक."

कोणीतरी म्हणालं, "सुनेनं पुढं होऊन हात जोडावे."

शोभा पुढे झाली. हात जोडले. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. कावळे हलले नाहीत. आणि मग मी बघितलं की सगळी माणसं कावळ्यांकडे बघायची थांबली होती. सगळी शोभाकडे बघत होती. आत्यानं नुसता सुस्कारा सोडला. शोभाची मान खाली गेली.

टीं.

टीं टीं टीं.

पिंपळाच्या सावलीत महाराज पिशवीला टेकून बसले होते. दोन्ही अंगठे यंत्रावर. "हात्तिच्या! गेला बे आंबा!" असं मोठ्यानं म्हणाले.

पुढचा कल्लोळ विचारू नका. आत्या किंचाळली, "लाज नाही वाटत का हो महाराज? कोनाचं काय अन् याचं काय!" गुलाबराव वाकून ओरडले, "म्हनूनच शिवत नाही कावळा! भटच असा असल्यावर कसा शिवंन?" माझे चुलते हातातला तांब्या आपटून गेले. प्रत्येकाला काहीतरी बोलायचं होतं आणि ते महाराजांनाच बोलायचं होतं. महाराज शांतपणे तिसरा आंबा पडेपर्यंत खेळले, यंत्र कपाळाला लावलं, उठले आणि दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. विधी पुरा झाला. घरी जेवताना, तेराव्याला, पुढे महिनाभर आमच्या नात्यात एकच विषय होता: त्या भटामुळे कावळा शिवला नाही. शोभाचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

मी मात्र संतापलो होतो. माझ्या आईच्या दहाव्याला! त्या संध्याकाळी मी शोभाला म्हटलं, "आजपासून त्या माणसाची पायरी चढणार नाही."

शोभा म्हणाली, "त्यांच्या घरी तुम्ही रोज जाता. कधी आवाज ऐकलात त्या खेळाचा?"

मी आठवून पाहिलं. नव्हता ऐकला. कधीच नाही.

"मी पाहत होते," ती म्हणाली. "आत्याबाई बोलल्या, तेव्हा त्यांनी पिशवीतून काढलं. आधी खुंटी वर केली, मग खेळायला लागले."

मी तसाच समोर गेलो. महाराज ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. मी विचारलं तर आधी हसण्यावारी नेलं. "हात लागला असंन खुंटीले." मी हललो नाही. मग त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"माह्या मायच्या दहाव्याले कावळा नव्हता शिवला," ते म्हणाले. "दुपार झाली. सारे हिच्याकडं पाहून राह्यले होते. मी बी पाह्यलं, भाऊ. भटाचा पोरगा, मले सारं समजते, तरी पाह्यलं. तवापासून ही कोनाच्याच दहाव्याले नदीवर येत नाही." आतून माईंच्या बांगड्यांचा आवाज आला आणि थांबला. महाराज आवाज उतरवून म्हणाले, "मानसाले कोनाकडं तरी पाहाच लागते. मंग माह्याकडं पाहा न."

मी म्हटलं, "हे मी उद्या चौकात सांगतो."

"काही सांगू नका!" ते पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले. "सांगतलं त मंग मले शिव्या कोन देईन? पुढल्या टायमाले लोक म्हणतीन, महाराज आपलं दयाळू मानूस हाये, खेळू द्या. अन् पुन्हा सुनंकडं पाहतीन."

आठवडाभरात मंदिर समितीची बैठक झाली, रमीच्या त्याच खोलीत. पत्ते चटईखाली सारले होते, एक राजा बाहेर डोकावत होता. विनायक महाराजांना कोणत्याही कार्याला बोलावू नये असं ठरलं. मी म्हटलं की जो माणूस एका डावावर थांबतो त्याला शिक्षा आणि जे थांबतच नाहीत ते न्यायाधीश, हा कुठला न्याय? गुलाबराव म्हणाले, "तुमच्याच मायच्या दहाव्याले खेळला अन् तुम्हीच बाजू घेता?" यावर खरं उत्तर माझ्याकडे होतं. ते मी गिळलं. आणि खरं सांगतो, ते उत्तर नसतं, महाराज निव्वळ मौजेसाठी खेळत असते, तरी मी हेच भांडलो असतो. भात शिजेपर्यंत माणसानं थोडं हसावं, यात समितीचं काय जातं?

महाराजांची बरीचशी घरं सुटली. मोठी कार्यं मेहकरच्या भटजींकडे गेली. दहाव्याला मात्र गरीब घरची माणसं त्यांनाच नेत, आणि तिथे टीं टीं वाजतच राहिली. घरी डाव तेवढाच, एक सकाळी, एक दुपारी. जास्त वेळ मिळायला लागला म्हणून डाव वाढला नाही. मेहकरला गेलं की घड्याळजीकडून सेल आणायचं काम माझं.

मागच्या उन्हाळ्यात महाराज झोपेतच गेले. दहाव्याच्या सकाळी मी निघालो तर माई दारात उभ्या होत्या. पदराखालून त्यांनी यंत्र काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"पिशवीत असू द्या भाऊजी," म्हणाल्या. "लागलं त."

विधी मेहकरचे भटजी सांगत होते. महाराजांचा मुलगा पिंडासमोर बसला होता, मागे त्यांची सून सुनंदा. कावळे बाभळीवर होते आणि खाली येत नव्हते. मुलानं बरंच काही कबूल केलं. ऊन चढलं. गुलाबराव घसा साफ करून म्हणाले, "म्हाताऱ्याले शेवटी शेवटी घरात काही तरास होता का?" एकेक मान सुनंदाकडे वळायला लागली.

मी पिंपळाखाली बसलो. चष्मा लावला, खुंटी वर केली आणि यंत्र सुरू केलं.

टीं.

"वानखडे साहेब!" गुलाबराव जवळजवळ किंचाळले. "तुम्ही बी? एवढे शिकले-सवरलेले!" मग सगळेच सुरू झाले. माझे केस पांढरे, माझी नोकरी सरकारी, माझ्या मुलीचं लग्न व्हायचंय, हे सगळं मला तिथे ऐकवण्यात आलं. मी वर पाहिलं नाही. मला तो खेळ कधीच नीट जमला नव्हता. माणूस डावीकडे न्यायचा तर उजवीकडे जात होता. पहिला आंबा पडला, दुसरा पडला, लगेच तिसराही.

डाव संपला. नजरेच्या कोपऱ्यातून सुनंदा दिसली. तिच्याकडे अजून आत्याबाईंसारखी एक म्हातारी बघत होती.

विषय संपला नव्हता. महाराजांचा नियम मोडून मी दुसरा डाव सुरू केला.