हापशाची बियर

डॉक्टर खांबेटे बियर पिण्याआधी तिची नाडी बघतात.

हे मी अलंकारिक बोलत नाही. ग्लास समोर आला की ते उजव्या हाताची दोन बोटं त्याच्या कडेला टेकवतात, डाव्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघतात आणि पंधरा सेकंद गप्प बसतात. तेवढ्या वेळात त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही. मग निकाल लागतो. "ताप आहे हिला," किंवा "थंड पडलीय," किंवा क्वचित कधीतरी, "वा. शुद्धीवर आहे."

खांबेटे काकांनी इथे इंग्लंडमधल्या सरकारी हॉस्पिटलांत आयुष्यभर भूल देण्याचं काम केलं. मूळचे मिरजेचे. आता पंच्याहत्तरीला आलेत. मँचेस्टरमध्ये आमच्या घरापासून दोन दारं सोडून राहतात. मी नागपूरची, सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी इथे आले त्याला चार वर्षं झाली. माझं नाव अस्मिता आहे, पण काकांनी ते एकदाही वापरलेलं नाही. मी त्यांची 'नागपूरकर'.

काकांबरोबर पब हिंडायला लागले ती काकूंमुळे. मागच्या वर्षी काका कुठल्याशा स्टेशनच्या पायऱ्यांवरून घसरले. फार काही झालं नाही, गुडघा सुजला. पण दुसऱ्याच दिवशी काकू आमच्या दारात हजर.

"तुला शनिवारी काही काम नसतं ना गं?"

"तसं नसतं काकू."

"मग ह्यांच्याबरोबर जात जा. मी सांगून थकले. हे काही ऐकायचे नाहीत आणि मी काही त्या पबात जाऊन बसायची नाही."

"पण काकू, मी बियर पीत नाही."

"म्हणूनच तुला सांगतेय."

अशी मी नेमणुकीवर रुजू झाले. महिन्यातून दोन शनिवार. काका सकाळी मला ट्राम स्टॉपवर भेटायचे. डोक्यावर कॅप, पाठीवर सॅक, सॅकमध्ये काकूंनी दिलेला चिवड्याचा डबा. मग ट्रेन, कधी एखादी बस, आणि शेवटी कुठल्यातरी गावातला दोन-तीनशे वर्षांचा, बुटक्या दाराचा पब. त्या दारातून वाकून आत जाताना काका न चुकता म्हणणार, "देवळात वाकूनच जावं लागतं."

त्यांना वाटेल ती बियर चालत नाही. काउंटरवर उभे लाकडी दांडे असतात. ते ओढले की तळघरातल्या पिपातून बियर वर येते. काका त्याला हापसाच म्हणतात. "ही हापशाची बियर. पिपात अजून आंबतेय, म्हणजे जिवंत आहे. पीप उघडल्यावर तीन-चार दिवसांत संपवावी लागते, नाहीतर व्हिनेगर. जिवंत वस्तूचं असंच असतं, नागपूरकर."

पत्र्याच्या डब्यातल्या बियरला ते प्रेत म्हणतात. मागच्या गणपतीत, आरतीनंतर, एका उत्साही गृहस्थांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "डॉक्टर, नंतर घरी या, मस्त थंडगार लागर बियर आणलीय, अख्खा क्रेट." काका शांतपणे म्हणाले, "मी अंत्यदर्शनाला जात नाही." त्या गृहस्थांनी ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. आधीच 'खांबेटे पबात दिसतात' अशी कुजबुज होती, त्यात ही भर. तेव्हापासून आमच्या मराठी मंडळात काकांची ओळख 'हुशार होते हो, पण...' अशी करून दिली जाते.

आता यातली गंमत अशी, की काका पितात जेमतेम. एका वेळी अर्धा पाइंट, म्हणजे साधारण पाव लिटर. फार तर दोनदा. तिसरा मी कधी पाहिला नाही. "पहिला ओळखीचा, दुसरा निरोपाचा," ते म्हणतात, "तिसरा घेतला की नातेवाइकांना कळवावं लागतं."

नाडी झाली की ते ग्लास खिडकीकडे धरून बघतात, मग वास, मग एक घोट. घोट घेतल्यावर डोळे मिटतात. मी शेजारी माझा लाइम-सोडा घेऊन बसलेली. मग अभिप्राय येतो आणि तो नेहमी कोणत्यातरी नातेवाइकावरून असतो. "ही आमच्या थोरल्या आत्यासारखी. आधी कडू, मग जाता जाता हातावर लाडू ठेवते." "ही नव्या जावयासारखी. वर फेस, आत काही नाही." एकदा यॉर्कशरमध्ये एका काळ्याकुट्ट बियरबद्दल ते बराच वेळ विचार करत होते. शेवटी म्हणाले, "सासरे."

त्याच यॉर्कशरच्या खेपेत त्यांनी बारमागच्या बाईंना सांगितलं, "शी हॅज अ टेंपरेचर."

"हू हॅज, लव्ह?" बाईंनी घाबरून माझ्याकडे पाहिलं.

मी ग्लासकडे बोट दाखवलं. बाईंनी मालकांना बोलावलं. मालक म्हणजे दारात मावणार नाही असा माणूस. मला वाटलं, आता आपल्याला बाहेर काढणार. पण काकांनी त्यांना इतक्या गंभीरपणे लक्षणं सांगितली, की ते काकांना घेऊन तळघरात उतरले. वीस मिनिटांनी दोघं वर आले. थंडाव्याचं मशीन बिघडलं होतं. मालकांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि काकांच्या डब्यातला चिवडा त्यांच्या दाढीला लागला होता.

एवढं सगळं असूनही मला एक गोष्ट खटकायची. काका कधी समाधानी नसायचे. बियर उत्तम असली, 'शुद्धीवर' असली, तरी घोट घेऊन डोळे उघडले की त्यांचा चेहरा जरा उतरायचा. "छान आहे," म्हणायचे. "पण ही नव्हे."

"मग कोणती, काका?"

"बघू. इंग्लंड मोठं आहे."

गेल्या मार्चमधली गोष्ट. आम्ही डर्बीशरच्या डोंगरातल्या एका गावात गेलो होतो. पबात गिऱ्हाईक म्हणून आम्ही, एक म्हातारं कुत्रं आणि त्याची तितकीच म्हातारी मालकीण. काकांनी साधी बिटर, म्हणजे इथली रोजची कडसर बियर, मागवली. नाडी पाहिली, वास घेतला, घोट घेतला. डोळे मिटले. आणि उघडलेच नाहीत. मी घाबरले. पायऱ्यांवरून घसरण्यापुरतीच माझी तयारी होती.

"काका?"

त्यांनी हाताने थांब म्हटलं. दुसरा घोट घेतला. मग उठून काउंटरवर गेले आणि बियर घरी न्यायला मिळेल का, असं विचारलं. मी बरोबर जायला लागल्यापासून हे पहिल्यांदाच घडत होतं. बारवाल्याने दुधाच्या पुड्यासारख्या पुठ्ठ्याच्या डब्यात ती भरून दिली.

"चल," काका म्हणाले. ग्लास अर्धा तसाच होता.

"अहो, पण आपली ट्रेन चारची आहे."

"दोन पाचची मिळेल. चल, चल."

ट्रेनमध्ये ते तो डबा दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसले. हलू नये म्हणून. मी दोनदा काहीतरी विचारलं, त्यांचं लक्ष नव्हतं. मँचेस्टरला उतरल्यावर घरच्या ट्रामकडे न वळता ते बस स्टॉपकडे निघाले. "तू जा घरी, नागपूरकर. मला जरा एकीकडे जायचंय."

"मला काकूंनी नेमलंय," मी म्हटलं. "मी येणार."

शहराबाहेर एक केअर होम आहे, विटांचं, दोन मजली. दारातल्या बाईंनी काकांना नावाने हाक मारली. "आज शनिवारी कसे, डॉक्टर? तुमचा गुरुवार ना?" म्हणजे काका दर गुरुवारी इथे येत होते, आणि मला वाटायचं लायब्ररीत जातात.

वरच्या मजल्यावर खिडकीशी आरामखुर्चीत एक वृद्ध गोरा माणूस बसला होता. खूप उंच असावा पूर्वी. आता मान एका बाजूला कलली होती.

"हा रॉन," काका म्हणाले. "ऑपरेशन थिएटरमध्ये माझ्या उजव्या हाताला उभा असायचा. सव्वीस वर्षं. नळी मागायच्या आधी हातात यायची."

मग कोट काढता काढता त्यांनी मला सांगितलं. ते या देशात आले तेव्हा एका गिरणीच्या गावातल्या हॉस्पिटलात लागले. पहिल्या हिवाळ्यात त्यांच्याशी कामाव्यतिरिक्त कोणी बोललं नाही. दिवसभर लोकांना झोपवायचं आणि खोलीवर येऊन स्वतः जागं राहायचं. एक दिवस रॉन म्हणाला, डॉक्टर, कोट घाला, आणि समोरच्या पबात घेऊन गेला. बारवर एक जण काकांकडे बघून काहीतरी पुटपुटला. रॉन भांडला नाही. त्याने फक्त आपलं स्टूल उचललं आणि काकांच्या आणि त्या माणसाच्या मध्ये आणून ठेवलं. मग काकांना अर्धा पाइंट घेऊन दिला आणि म्हणाला, औषधासारखी गिळू नका, जरा तोंडात राहू द्या.

"पुढची सव्वीस वर्षं दर शुक्रवारी," काका म्हणाले. "त्या गावातच बनायची ती बिटर. कारखाना बंद पडला. पबाचे फ्लॅट झाले. आणि ह्याला आधी विसर पडायला लागला, मग स्ट्रोक आला. बायको गेली, मूलबाळ नाही. बोलणं बंद होऊन आता दीड वर्ष होईल."

कपाटातून त्यांनी एक पेला, चमचा आणि पांढऱ्या पावडरीचा डबा काढला. रॉनला पातळ काही गिळता येत नाही, ठसका लागतो. पावडर घालून दाट केलेलं, तेही चवीपुरतं दोन-चार चमचे द्यायला तिथल्या लोकांनी परवानगी दिली होती.

काकांनी पेल्यात ती बियर ओतली आणि स्वतःच्या हाताने तिच्यात पावडर टाकली. डब्यातल्या बियरला प्रेत म्हणणारा माणूस तासभर मांडीवर सांभाळून आणलेली बियर चमच्याने ढवळत होता. फेस वर आला, तो काढला, परत ढवळली. शेवटी ते पातळ पिठल्यासारखं काहीतरी झालं. काकांनी ते मन लावून केलं. गुठळी राहू दिली नाही.

"घे रे," ते रॉनला मराठीत म्हणाले. "डोंगरातून आणलीय. तोंड उघड."

मी बघतच राहिले. काका हसले. "पूर्वी त्याच्याशी इंग्रजीच बोलायचो. आता त्याला इंग्रजीही कळत नाही. मग म्हटलं, निदान मला तरी सोपं पडू दे."

रॉनने बऱ्याच वेळाने तोंड उघडलं. काकांनी चमचा आत ठेवला. ओठ मिटले. काका वाट बघत होते. ओठ जरासे हलले, गळ्याशी हालचाल झाली. काकांनी चमचा काढायला हात मागे घेतला, तर चमचा येईना. रॉनने तो ओठांत धरून ठेवला होता.

"अरे, सोड. सोड की. अजून देतो," काका म्हणाले. "मागच्या वेळी नाक मुरडलं होतंस. त्याआधी तर तोंडच उघडलं नव्हतंस, गाढवा."

तीन चमचे झाले. मग रॉन डोळे मिटून स्वस्थ बसला.

"हीच होती ना, काका?" मी विचारलं. "तुम्ही शोधत होता ती?"

काका पेला रुमालाने पुसत होते. पुसून झाला तरी पुसत होते.

"मला नाही सांगता येणार," ते म्हणाले. "ती चव मला आठवतच नाही, नागपूरकर. कधीच विसरलो. आज वाटलं, असेल. पण मी ओळखणार कशावरून? ओळखणारा हा एकटा, आणि हा बोलत नाही."

"मग इतकी वणवण कशासाठी?"

"गुरुवारी येऊन ह्याला सांगायला काहीतरी नको का? हवा-पाणी किती वेळ सांगणार?"

मग त्यांनी खुर्ची रॉनच्या जवळ ओढली आणि सांगायला लागले. दोन पाचची गाडी कशी पळत जाऊन पकडली, पबातलं कुत्रं कसं मालकिणीपेक्षा शहाणं दिसत होतं. मिरजेच्या मराठीत, हातवारे करून. मी हळूच बाहेर कॉरिडॉरमध्ये आले आणि काकूंना फोन लावला.

"काकू, आम्हाला जरा उशीर होईल. आम्ही..."

"रॉनकडे ना?"

"तुम्हाला माहीत आहे?"

"बियर घेऊन आले असतील तर तिथेच असणार. खाल्ली का त्याने?"

"तीन चमचे. चमचा सोडत नव्हता."

पलीकडे नळ चालू होता, तो काकूंनी बंद केल्याचं ऐकू आलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "पोळ्या मी तुम्ही आल्यावरच टाकते. तूही इकडेच जेव. आणि अस्मिता, बाहेर उभी राहू नकोस. आत जाऊन बस त्यांच्यापाशी. तो काही उत्तर देत नाही, मग हे एकटेच बोलत बसतात."

मी आत गेले. काका पुन्हा डर्बीशरच्या डोंगरापाशी पोचले होते. मी दुसरी खुर्ची ओढून घेतली आणि विचारलं, "मग पुढे काय झालं, काका?"