संत इसिदोर आणि तलावावरची हजेरी

पिंपळटोल्याच्या प्रौढ शिक्षण वर्गाला सन एकोणऐंशीमध्ये एका ख्रिस्ती संताच्या चित्रकथेच्या तीस प्रती पुरवण्यात आल्या. पुस्तकं लहान मुलांची होती. कुण्या मिशनने ती मुलांना वाटायला दिली होती. पण प्रौढांची पुस्तकं अजून छापायची होती आणि वर्ग सुरू झाल्याचं वर कळवून झालं होतं. चित्रकथेचं अक्षर मोठं, पानं सोळा. शिक्षणखात्यातल्या साहेबांनी शेरा मारला, 'अक्षराच्या बाबतीत प्रौढ हेही बालकच होत. सबब देण्यास हरकत नाही.'

अशा रीतीने बासष्ट वर्षांची देवकाबाई संत इसिदोरच्या हाती पडली.

इसिदोर हा परदेशातला शेतमजूर. रोज सकाळी प्रार्थनेला जाई आणि कामावर उशिरा पोचे. सोबतच्यांनी मालकाकडे चुगली केली. मालक झुडपामागे लपून बसला, तर काय पाहतो? इसिदोर हात जोडून बसलेला आणि त्याच्या वावरात दोन पंखवाले देवदूत पांढरे बैल हाकताहेत.

हे नववं पान वर्गात आठ दिवस चाललं.

"यायनं नांगर कधी धरलाच नाही," देवकाबाई म्हणाली. "हात पाहा, लुगडं वाळू घालून राहिल्यावानी."

"पंखाले चिखल कसा नाही लागला?" बेबीबाईला वेगळीच शंका.

"ते सोड," म्हातारा सुखराम म्हणाला. "माणूस एकीकडे, काम दुसरीकडे. आपल्या ग्रामसेवकाचंबी असंच हाय. फक्त त्यानं देवदूत नाही ठेवले."

शिकवणारा जागेश्वर गुरुजी पंचवीस वर्षांचा होता. तो एकेका अक्षरावर बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लावी. देवकाबाईला वाचणं म्हणजे ओरडणं एवढंच ठाऊक झालं. वर्षभरात ती पंधराव्या पानापर्यंत ओरडत आली. आजवर तिनं जिथं जिथं अंगठा दिला, तिथं काय लिहिलं होतं ते दुसऱ्यांनी सांगितलं होतं, आणि दर वेळी वेगळं. तिला एकदा तरी सरकारी कागदावर स्वतःच्या हातानं आपलं नाव लिहायचं होतं.

उन्हाळ्यात गावच्या तलावाचा गाळ काढायचं सरकारी काम निघालं. धान कापल्यावर त्या दिवसांत गावात दुसरं काम नसे. हजेरीपट पुंडलिकराव कारकुनाकडे होता.

"बाबूजी, आज मी सही करतो," देवकाबाई म्हणाली.

"कायले तकलीफ घेता, बाई? अंगठा सोपा. शाई सरकारची."

"शिकली न मी."

"शिकली त चांगलं केलं. पण रकाना अंगठ्याचा हाय. सही मावत नाही."

"मंग माहं नाव कोठी हाय, ते त पाहू द्या."

पुंडलिकराव कागद ओढून घेईपर्यंत तिचं बोट पहिल्या नावावर टेकलं होतं आणि आवाज तलावाच्या पाळीपर्यंत पोचला होता. "सत्यभामाबाई. ताराचंद. बेबीबाई. आनंदाबाई." आनंदाबाई दिवाळीपासून लेकीकडे लाखांदूरला होती. "घनश्याम." घनश्याम तीन वर्षांपासून नागपूरच्या गिरणीत होता. पुढच्या नावावर बोट आलं आणि देवकाबाई थांबली.

पुंडलिकरावांच्या जिवात जीव आला. "अडली. अर्धवट शिक्षण असंच अस्ते."

"अडली नाही, बाबूजी. घरधन्याचं नाव कसं घेऊ?"

बायांच्या हातातली घमेली होती तिथं थांबली. देवकाबाईचा नवरा ईश्वर चार वर्षांपूर्वी वारला होता. हजेरीपटावर तो काम सुरू झाल्यापासून तेराही दिवस हजर होता. एक खाडा नाही.

"जित्तेपणी हप्त्यातले तीन रोज घरीच लोळत रायत जाय," देवकाबाई म्हणाली. "मेल्यावर सुधरला."

सुखरामनं पटावरच्या ओळी बोटांवर मोजल्या. कागदावर बावन्न माणसं, गाळात तेवीस. "मंग बाकीच्याइचं काम कोण करून राहिलं?"

"देवदूत," बेबीबाई म्हणाली.

गोष्ट तालुक्याला पोचली. चौकशीला साहेब आले, खुर्ची आली, खुर्चीसाठी सावली शोधण्यात आली. देवकाबाईनं पुरावा म्हणून नववं पान उघडून दाखवलं. साहेबांनी बैल, पंख आणि झुडपामागचा मालक बारकाईनं पाहिले आणि तिथंच निष्कर्ष लिहवून घेतला: तलावातील गाळ निघालेला दिसतो. ज्याअर्थी तो निघाला, त्याअर्थी तो कोणीतरी काढला. कोणी काढला, हा प्रश्न या चौकशीच्या कक्षेत येत नाही. तथापि सदर बाई हजेरीपट वाचताना आढळून आल्या. काम केवळ अकुशल मजुरांसाठी आहे. वाचन हे कौशल्य आहे. सबब बाईंचं नाव कमी करण्यात यावं. मयत ईश्वर यांच्याविषयी अशी कोणतीही तक्रार नाही.

"साहेब, मी खाऊ काय?" देवकाबाईनं विचारलं.

साहेब निर्दय नव्हते. त्यांनी मार्ग सुचवला. गुरुजींनी परीक्षा घेऊन ती निरक्षर असल्याचा दाखला दिला, तर नाव पुन्हा चढवता येईल.

"पण माह्या वर्गात तीसच्या तीस साक्षर झाले, असं वर कळवलं हाय," जागेश्वर गुरुजी घाबरला.

"तीसच राहतील. यांच्या जागी तो घनश्याम घ्या."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओसरीवर परीक्षा झाली. साहेब समोर, पुंडलिकराव बाजूला. देवकाबाईनं कधी न वाचलेलं सोळावं पान तिच्यापुढे धरायचं, आणि ओठ हलले तर साक्षर समजायचं, असं ठरलं. गुरुजी पुस्तक देताना पुटपुटला, "काकी, आवाज नोको करजा. ओठबी नोको हलवजा."

पुस्तक उलटं देण्यात आलं होतं. तिनं ते सरळ केलं.

"पाहा, सरळ धरलं," पुंडलिकराव म्हणाले.

"चित्र पाहून धरलं असेल," साहेब म्हणाले. ते न्यायी होते.

चित्रात उघडी कबर होती. खाली लिहिलं होतं, 'इसिदोर मरण पावला. चाळीस वर्षांनी लोकांनी त्याची कबर उघडली. तो जसाच्या तसा होता, जणू आत्ताच कामावरून आला आहे.'

देवकाबाईच्या गळ्यापर्यंत हसू आलं. तिनं पदर दातांत धरला. आयुष्यात पहिल्यांदा ती तोंड मिटून वाचत होती, आणि गोष्टीचा शेवट तिला पुरता कळला होता.

"काय लिहिलं आहे?" साहेबांनी विचारलं.

"काळं काळं हाय, साहेब."

देवकाबाई परीक्षेत उत्तीर्ण झाली. तिथल्या तिथं दाखला तयार झाला: 'सदर बाईस लिहिता-वाचता येत नाही. वरील मजकूर मी वाचला असून तो मला मान्य आहे.' खाली तिच्यासाठी जागा सोडली होती. देवकाबाईनं तोही मजकूर पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचला. ओठ तसूभर हलले नाहीत. मग तिनं अंगठा शाईत बुडवला.

सोमवारी ती गाळात उभी होती. हजेरीपटावर तिच्या अंगठ्याच्या वरच ईश्वरचा अंगठा होता, ताजा, अजून न वाळलेला. तिनं तो पाहिला आणि घमेलं उचललं.

हे सगळं आपणही आत्ता ओठ न हलवता वाचलंत. छान जमतं आपल्याला. निरक्षर असल्याचा दाखला कुणी दिला?